मॅडमचा सगळ्यात गाजलेला पेपर

“पुन्हा मोजू.”

सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढायच्या आधीच मॅडम हे म्हणायच्या. मोजायच्या त्या पेशी. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत, हजारो पेशी असतात आणि त्यातल्या काही दुभंगत असतात, एकीच्या दोन होत असतात. अशा किती आहेत आणि दुभंगताना त्यांच्या आतले धागे शाबूत आहेत की तुटलेत, हे त्या मोजायच्या. एकदा मोजून झालं की आकडा वहीत लिहायच्या, तो हाताखाली झाकायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायच्या. दोन्ही आकडे जुळले तर बरं वाटायचं सोडून त्यांना संशय यायचा.

“जुळले कसे काय? पुन्हा मोजू.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात आणि ते ओढून बघायला परत येतात. आपण त्यांना हसतो. जळगावच्या आमच्या कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत मॅडमची नक्कल करणारे तिघे तरी होते. नक्कल मलाही बऱ्यापैकी जमायची. मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परिचर हा कागदावरचा शब्द. हाक मारताना सगळे शिपाई म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मॅडम मला ‘भाऊ’ म्हणायच्या. वयानं मी त्यांच्याहून लहान, तरीही.

त्या विभागात आल्या त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकांवरची धूळ पुसत होतो. बऱ्याच वर्षांचं माझं ते काम. मॅडमनी पर्स ठेवली, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि मला विचारलं, “भाऊ, तुम्ही यातून कधी पाहिलंय का?”

मी नाही म्हणालो. पुसायचं असतं, पाहायचं नसतं, असंच मला वाटत होतं.

“मग नीट पुसलं गेलं की नाही हे कसं कळतं तुम्हाला?”

त्यांनी एक स्लाइड लावली आणि मला पुढे केलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग लालसर विटांची भिंत दिसली, आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका. एका विटेत ठिपका नव्हता, शेवयांसारखे धागे होते, मधोमध ओढून दोन बाजूंना निघालेले.

“शेवया आहेत,” मी म्हणालो.

मॅडम हसल्या नाहीत. “मोजा,” म्हणाल्या.

माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. मी बारावीपर्यंत शिकलो ते त्यांच्या हट्टानं, आणि नोकरी लागल्यावर शिकणं तिथंच थांबलं. मॅडमनी ते पुढे नेलं असं म्हटलं तर जास्त होईल, पण मुळाचं टोक कापणं, ते कोमट आम्लात मऊ करणं, रंगात बुडवणं, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं असं दाबणं की पेशी पसरतील पण फुटणार नाहीत, हे सगळं मी दोन वर्षांत त्यांच्याकडून शिकलो. अंगठा जरा सरकला तरी त्या पाठीमागून म्हणायच्या, “फुटल्या.” त्यांचं लक्ष दुसरीकडे असलं तरी म्हणायच्या.

लक्ष मात्र कायम दुसरीकडेच असायचं. मॅडमना बसता येत नसे. चहाचा कप घेऊन त्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या आणि कप कुठेतरी कठड्यावर विसरायच्या. संध्याकाळी सगळीकडचे कप गोळा करणं हे माझं न नेमलेलं काम होतं. बैठकीत त्या खिडकीजवळ उभ्या राहायच्या. माहेर-सासर दोन्ही धुळ्याचं, पण यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून आठवडाभर जळगावात भाड्याच्या खोलीत राहून शनिवारी त्या धुळ्याला भावाकडे जायच्या. एकदा मी त्यांच्याच बसमध्ये होतो. पारोळा सुटलं तशा त्या उठल्या आणि दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. धुळं यायला अजून तासभर होता.

“मॅडम, बसा ना.”

“बसून काय होतं, भाऊ? बस काय लवकर पोचते?”

उभं राहूनही ती लवकर पोचत नव्हती, पण हे मी बोललो नाही.

अशा बाईनं कांद्याची मुळं वाढण्याची वाट बघायचं काम का पत्करलं, हे मला कधी कळलं नाही. नळीत पाणी, नळीच्या तोंडावर कांदा, आणि तीन-चार दिवस नुसतं बघत राहायचं. एप्रिल-मे महिन्यात तर आमच्याकडे मुळंसुद्धा मान टाकतात. मॅडम नळ्यांच्या स्टँडभोवती ओलं फडकं गुंडाळायच्या, पाणी माठातलं वापरायच्या, आणि वीज गेली की वहीच्या पुठ्ठ्यानं कांद्यांना वारा घालायच्या. स्वतःच्या कपाळावरचा घाम तसाच ठेवून.

त्यांचा गाजलेला पेपर अशाच एका उन्हाळ्यातला. कपाशीवर मारायचं एक औषध होतं. त्याचा अगदी थोडा अंश पाण्यात असला तरी पेशींच्या आतले धागे तुटतात का, हा प्रश्न. साध्या पाण्यातल्या कांद्यांच्या पेशी एकीकडे, औषधाच्या पाण्यातल्या दुसरीकडे. मोजणी दोन महिने चालली. तीनदा प्रयोग केला आणि तिन्ही वेळा औषधाच्या बाजूला पेशींची दाणादाण दिसली. मॅडमनी तो पेपर बाहेरदेशीच्या एका मासिकाकडे पाठवला. वर्षभर त्यांनी मॅडमना शंका विचारून हैराण केलं आणि मग छापला.

त्यानंतर आकडा चढायला लागला.

साइटेशन म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, “आपल्या कामाचा दुसऱ्यानं आपल्या पेपरात दाखला दिला, की एक.”

तहसील कचेरीतला दाखला दहा हेलपाटे घातल्याशिवाय मिळत नाही, आणि मॅडमना घरबसल्या कुठून कुठून मिळत होते. आधीच्या पेपरांना तीन, पाच असे दाखले होते, काहींना एकही नाही. याला वर्षभरात वीस झाले, मग चाळीस ओलांडले. संगणकावर त्यांचं नाव टाकलं की खाली निळा आलेख दिसायचा, एका बाजूला पायऱ्यांसारखा वर चढलेला. मॅडम सकाळी आल्या आल्या विचारायच्या, “भाऊ, हलला का?” मी आधीच बघून ठेवलेलं असायचं.

आकडा हलला की त्या खूश व्हायच्या आणि लगेच अस्वस्थ. ज्यानं दाखला दिला त्याचा पेपर शोधून काढायच्या. “वाचलाय की नुसताच चिकटवलाय?” एकानं तर त्यांच्या कांद्याचा लसूण करून टाकला होता. मॅडमनी त्याला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यानं आभार मानले आणि पुढच्या पेपरात पुन्हा लसूणच लिहिला.

प्राचार्यांनी दर्शनी भिंतीवर एक मोठा फलक लावला. त्यावर मॅडमचा फोटो, पेपराचं नाव आणि आकडा. आकड्याच्या जागी वरून चिकटवायची पट्टी होती, म्हणजे तो बदलता यावा. ते कामही माझ्याकडे. मॅडम फलकासमोरून जाताना पदर सावरत वेगानं जायच्या, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पट्टी वाचायच्या. मी पाहिलंय.

मॅडमना प्राध्यापकपदाची बढती मिळायची होती आणि कॉलेजला तपासायला समिती यायची होती. दोन्हींसाठी हा एक पेपर पुरेसा आहे, असं सगळे म्हणत होते. मॅडमना मात्र त्याचा पुढचा भाग करायचा होता. औषध किती पातळ केलं म्हणजे धागे तुटायचे थांबतात, हे बघायचं होतं. म्हणून नव्यानं कांदे आणले, नळ्या लावल्या, मुळं कापली.

आणि धागे तुटलेच नाहीत.

“पुन्हा मोजू,” मॅडम म्हणाल्या. मोजलं. पुन्हा नळ्या लावल्या. औषध जुनं असेल म्हणून नवं मागवलं. पाणी बदललं. रंग नव्यानं तयार केला. पेशी आपल्या निवांत दुभंगत होत्या, जणू औषध नाहीच. दोन महिने असेच गेले. मॅडमचं जेवण कमी झालं. वर्गात शिकवता शिकवता वाक्य अर्धं सोडून त्या प्रयोगशाळेत यायच्या, नळ्यांकडे बघायच्या आणि परत जायच्या. मुलं तोवर गप्प बसून राहायची. इतकी गप्प मुलं मी कधी पाहिली नव्हती.

“मी काय वेगळं केलं होतं, भाऊ?” त्या मला विचारायच्या. “तेव्हा आणि आता, फरक काय?”

खरं सांगतो, पहिले काही आठवडे मला खरोखर काही आठवलं नाही. मग एका रविवारी मी साक्रीकडे साडूच्या गावी गेलो. साडूची कांद्याची शेती. घराला लागून लांब, जाळीची, हवेशीर कांदाचाळ, त्यात छातीइतका कांदा भरलेला. साडू बाहेर हात धूत होता, कोपरापर्यंत पांढरा झालेला.

“हे काय?” मी विचारलं.

“पावडर. चाळमा भराना वखतले बठ्ठा कांदास्ले मारनी पडस. नही तं कीड लागस ना.”

“दर वर्षी चाळीत भरताना सगळ्या कांद्यांना मारतोस?”

“दर सालले.”

मी तिथंच उभा राहिलो. मला गोणी आठवली.

झालं होतं असं. त्या उन्हाळ्यात मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं की सगळे कांदे एकाच व्यापाऱ्याकडून, एकाच गोणीतले आण. मी बाजार समितीतून चांगली गोणी निवडून आणली. अर्धे कांदे काढून टोपलीत ठेवले आणि उरलेली गोणी तोंड बांधून गच्चीच्या जिन्यात ठेवली. तोंड उघडं ठेवायचं असतं, हे मला माहीत होतं. घाईत विसरलो. चार दिवसांनी बघतो तर गोणीतून पाणी सुटलेलं. मॅडमना सांगायची लाज वाटली. इतक्या विश्वासानं बाईंनी एक काम दिलं, तेही धड झालं नाही. त्याच शनिवारी मी साडूकडून पोतंभर कांदे आणले आणि दुसऱ्या टोपलीत ओतले. कांदा तो कांदा. आधीची टोपली नळाजवळ होती, ती साध्या पाण्याच्या नळ्यांना वापरली गेली. ही टोपली औषधाच्या टेबलाजवळ होती. तिन्ही वेळा.

म्हणजे पेशींची दाणादाण औषधानं केलीच नव्हती. साडूच्या पावडरीनं केली होती.

हे कळल्यावर मी लगेच मॅडमकडे धावलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी आठ दिवस गप्प राहिलो. माझ्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती. धाकटी मुलगी बारावीला होती. दर्शनी भिंतीवर फलक होता आणि त्याच्यावरची पट्टी मी स्वतः बदलत होतो. मॅडम रोज विचारायच्या, “फरक काय, भाऊ?” आणि मी नळ्या धुवायचो. घरी पिंप्राळ्याला आलो की जेवण जायचं नाही. बायकोनं शेवटी ताट बाजूला सारलं आणि विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “त्या तुम्हाला भाऊ म्हणतात ना? मग उद्या सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. उभ्यानं, फडकं हातात धरून, कुठेही न थांबता. मॅडम नळ्यांच्या टेबलाशी होत्या. मी बोलायचा थांबलो तेव्हा त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. सात वर्षांत त्यांना स्टुलावर मी पहिल्यांदा बघत होतो. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“तिन्ही वेळा तीच टोपली?”

“हो, मॅडम.”

“नक्की?”

“नक्की.”

बाहेर एनसीसीची परेड चालली होती, तिचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “तेव्हा का नाही सांगितलं?”

“लाज वाटली.”

“कांदे सडल्याची?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मी दोन्ही टोपल्या रोज बघत होते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “एकीतले कांदे लाल होते, दुसरीतले फिकट. मला दिसत होतं. मी विचारलं नाही, कारण आकडे छान येत होते.”

आणि त्या उठल्या.

पुढच्या रविवारी मॅडम माझ्याबरोबर साडूकडे आल्या. साडू आधी घाबरला. त्याला वाटलं, सरकारी बाई आली. मॅडम त्याच्याशी अहिराणीत बोलायला लागल्या तेव्हा तो खुलला. पावडर कोणती, किती, कधी मारतो, सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. थोडे कांदे पावडर मारलेले घेतले, थोडे शेतातून थेट काढून आणलेले. परत आल्यावर चार रांगा लावल्या. पावडरीचे आणि बिनपावडरीचे, औषधात आणि साध्या पाण्यात. या खेपेला टोपल्यांना चिठ्ठ्या होत्या आणि चिठ्ठ्या मॅडमनी स्वतः लावल्या होत्या. मोजणी आम्ही दोघांनी वेगवेगळी केली, एकमेकांच्या वह्या न बघता.

आकडे जुळले. पावडरीच्या कांद्यांच्या पेशी साध्या पाण्यातही तुटलेल्या होत्या.

“म्हणजे औषध निर्दोष?” मी विचारलं.

“असं नाही म्हणायचं. माझ्या प्रयोगात त्याचा दोष दिसला नाही, एवढंच म्हणायचं.” वही मिटून त्या म्हणाल्या, “पेपर मागे घ्यावा लागेल.”

पेपर मागे घेता येतो हे मला माहीत नव्हतं. छापलेली गोष्ट मागे कशी घेणार? प्राचार्यांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी मॅडमना बोलावलं तेव्हा फायली घेऊन मी दाराशीच होतो. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते समजुतीनं बोलत होते.

“मॅडम, समिती महिन्याभरात येतेय. तुमची मुलाखतही त्याच सुमारास आहे. पत्र लिहायचं तर लिहा, पण ते सगळं झाल्यावर लिहा. एवढी वर्षं गेली, दोन महिन्यांनी काय बिघडतं?”

“तोवर आणखी चार जण त्यावर विसंबतील, सर.”

“कुणी बघायला येणार आहे का इथं, कांदे कुठून आणले ते?”

“मी बघितलं ना,” मॅडम म्हणाल्या.

पत्र त्यांनी त्याच आठवड्यात लिहिलं. पाठवण्याआधी मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की प्रयोगातले कांदे एकाच ठिकाणचे आहेत याची खात्री मी केली नाही, काही कांद्यांवर साठवणीची पावडर होती, त्यामुळे निष्कर्ष चुकीचा आहे. चूक सर्वस्वी माझी आहे.

“मॅडम, हे खरं नाही,” मी म्हणालो. “माझं नाव टाका.”

“कांदे तुम्ही आणले. पेपर मी लिहिला. आणि हे पत्र पेपराबद्दल आहे, कांद्यांबद्दल नाही.”

“तरी पण, मॅडम.”

“पोस्टात टाकायचं नाहीये हे, भाऊ. बटण दाबायचंय.” त्यांनी दाबलं, आणि व्हरांड्यात निघून गेल्या.

मासिकानं काही महिन्यांनी पेपराच्या प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का मारला, ‘मागे घेतला’. त्याआधीच फलक काढायचा हुकूम आला होता. मी शिडी लावली. फलक लांब होता, एका माणसाला पेलणारा नव्हता. मॅडम तिथून चालल्या होत्या. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. स्वतःचाच फोटो त्या मागे मागे चालत जिन्याखालच्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या. दाराशी मला म्हणाल्या, “जरा तिरका करा, बसेल.”

मुलाखतीत त्यांना त्या एकाच गोष्टीबद्दल विचारलं गेलं. बढती मिळाली नाही. शिक्षकांच्या खोलीतल्या नकला बंद झाल्या, आणि ते मला जास्त लागलं.

मॅडमना यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं पछाडलं होतं. ज्यांनी ज्यांनी त्या पेपराचा दाखला दिला होता, त्या प्रत्येकाला त्यांनी पत्र लिहायला घेतलं. यादी माझ्याकडे होतीच. ज्या आकड्यावर आम्ही दोघं इतकी वर्षं हरखत होतो, त्यातला एकेक आता माणूस होऊन समोर येत होता. कुणी ब्राझीलचा, कुणी तुर्कस्तानचा, कुणी आपल्याच देशातला. “या सगळ्यांना मी चुकीचा पत्ता सांगितला,” मॅडम म्हणायच्या, “आणि ते त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतायत.”

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं फार कडक लिहिलं, आपल्या कामाचं मॅडमनी नुकसान केलं म्हणून. मॅडमनी त्याचीही छापील प्रत काढून वहीत ठेवली. लसूणवाल्यानं पुन्हा आभार मानले.

आणि मग तमिळनाडूतल्या कुठल्याशा कॉलेजातून एका मुलीचं पत्र आलं. पीएचडी करत होती. तिनं लिहिलं होतं, दोन वर्षं मी तुमचा प्रयोग करून बघतेय, तुमच्यासारखे तुटलेले धागे मला एकदाही दिसले नाहीत. माझे गाइड म्हणतात, तुझ्या हातात कला नाही. मी काम सोडणार होते, घरीही तसं कळवलं होतं. तुमचं पत्र मी गाइडना दाखवलं. आता मी सोडत नाही.

मॅडमनी ते पत्र हातात घेऊन व्हरांड्याच्या तीन फेऱ्या मारल्या. मग मला दिलं. मला तेवढं इंग्रजी वाचता येतं. वाचून मी वर बघितलं तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

“दोन वर्षं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीनं दोन वर्षं स्वतःला दोष दिला.”

त्यानंतर मॅडमनी आणखी एक पेपर लिहिला. साठवणीच्या पावडरीचा कांद्याच्या पेशींवर होणारा परिणाम, आणि म्हणून प्रयोगाला कांदे घेताना काय तपासावं. तो छोट्या मासिकात आला. लेखकांत दोन नावं होती. दुसरं माझं होतं. मला न विचारता टाकलं होतं. ऑफिसात थोडी मजा झाली. हेडक्लार्क म्हणाला, “डॉक्टरसाहेब, चहा आणता का?” मी आणला. घरी ते पान मी बायकोला दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण माझं नाव तिनं बरोबर शोधून काढलं आणि त्यावर बराच वेळ बोट ठेवून बसली.

त्या पेपराला पहिली दोन वर्षं एकही दाखला आला नाही. तिसऱ्या वर्षी एक आला, तमिळनाडूतून.

मॅडम निवृत्त होऊन धुळ्याला गेल्या. कधीमधी फोन यायचा. मागे चालण्याचा आवाज असायचा, म्हणजे घरातही फेऱ्या चालूच. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. सकाळी चहा घेतला, गॅलरीत गेल्या आणि तिथंच कोसळल्या. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी धुळ्याला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. भावानं मला घरात बसवलं आणि विचारलं, “तुम्हीच का ते कांदेवाले भाऊ?” म्हणजे मॅडमनी घरी सांगितलं होतं. काय सांगितलं होतं, ते विचारायचा धीर झाला नाही. मॅडमचे भाऊ म्हणाले, “तुमचं फार कौतुक करायची.”

मला निवृत्तीला आता थोडेच महिने आहेत. विभागात नव्या मॅडम आल्यात, तरुण आहेत, बसून काम करतात. परवा सवयीनं मी त्या जुन्या पेपराचा आकडा बघितला. पानापानावर लाल शिक्का आहे, तरी दाखले चालूच आहेत. या वर्षी आणखी दोन लागले. शिक्का न बघता लोक अजून त्या पत्त्यावर जातायत.

असं काही दिसलं की मॅडम पत्र लिहायच्या. निवृत्तीनंतरही लिहायच्या. आता कोण लिहिणार?

दोन दिवस मी तसाच वावरलो. तिसऱ्या दिवशी नव्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं आणि संगणक पुढे ओढला. मी मराठीत सांगत गेलो, त्या इंग्रजीत लिहीत गेल्या. तुम्ही ज्या पेपराचा दाखला दिलाय तो मागे घेतलेला आहे. लेखिका आता नाहीत. त्या प्रयोगातली अर्धी गोणी सडली होती. ती कुणाला न सांगता दुसरीकडचे कांदे आणणारा माणूस मी.

“हे शेवटचं खरंच लिहायचं?” नव्या मॅडमनी विचारलं. “त्यांनी तर पेपर मागे घेताना तुमचं नाव घेतलेलं नाही.”

“लिहा.”

“खाली पद काय लिहू? सहलेखक?”

“परिचर लिहा.”

त्यांनी लिहिलं. एकदा मला पूर्ण वाचून दाखवलं, आणि पाठवलं. दोन्ही ठिकाणी.

याला आता तीन आठवडे झाले. अजून उत्तर नाही. रोज तासिका सुरू व्हायच्या आधी मी नव्या मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. त्या पडद्याकडे बघतात आणि मान हलवतात. मग मी नळ्या धुवायला घेतो.